बटण एकदाच दाबावे

यंत्रांचा मला राग येतो, कधी कंटाळा येतो, पण किळस येते ती माणसांचीच. आमच्या ऑफिसात ती रोज येईल अशी चांगली सोय होती.

आमची कंपनी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना घंटी विकते. गळ्यात अडकवायचं एक लाल बटण आणि भिंतीवर लावायची एक पांढरी पेटी. बटण दाबलं की पेटी इंटरनेटवरून आमच्याकडे कळवते, मग आमच्या कॉल सेंटरमधली मुलगी पेटीतूनच विचारते, "बोला आजी, काय झालं?" गरज पडली तर ती शेजाऱ्याला, मुलाला किंवा ॲम्ब्युलन्सला फोन लावते. जाहिरातीत एक आजोबा हसत हसत घसरतात. हसत घसरणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. ती जाहिरात आमच्या लिफ्टसमोर भिंतभर लावली होती आणि मी रोज सकाळी तिच्याकडे पाठ करून उभी राहायचे.

माझं काम सर्व्हर सांभाळायचं. पूर्वी सगळा कारभार एकाच मोठ्या सर्व्हरवर चालायचा. मी नोकरीला लागायच्या आधीच तो उचलून कंटेनरच्या क्लस्टरमध्ये नेला होता. म्हणजे एका मोठ्या दालनाऐवजी पुष्कळ छोट्या खोल्या, आणि त्या सगळ्यांच्या पुढे एक दारवान. या दारवानाला रिव्हर्स प्रॉक्सी म्हणतात. बाहेरून जो येईल तो आधी त्याला भेटतो आणि कुणाला कुठल्या खोलीत धाडायचं ते तो ठरवतो. हे सगळं ज्याने उभं केलं तो निरोपाचा केक खाऊन कधीच निघून गेला होता. मागे राहिल्या त्याच्या सेटिंग्ज, आणि त्यांना हात लावायला सगळे घाबरायचे.

माझ्या आत्याच्या गळ्यातही आमचंच बटण होतं. मीच बसवून दिलं होतं.

आत्या शाळेत कवायत शिकवायची. नाव घेऊन हाक मारायची तिला सवयच नव्हती, शिट्टी मारायची. लहानपणी आम्ही भावंडं तिच्याकडे सुट्टीला गेलो की जेवायलासुद्धा रांगेत बसायचो. एकदा सांगितलं म्हणजे सांगितलं, हा तिचा नियम, आणि तो ती स्वतःलाही लावायची. पेटी बसवायला आलेल्या आमच्या माणसाने तिला बजावलं, "आजी, बटण एकदाच दाबायचं आणि शांत वाट बघायची. सारखं दाबलं की तिकडे तेवढे कॉल पडतात, मग गोंधळ होतो." पेटीवर तसं स्टिकरही आहे: बटण एकदाच दाबावे. आत्याला ते भारी आवडलं. मला म्हणाली, "शिस्त आहे हो तुमच्या कंपनीत."

कसली डोंबलाची शिस्त.

आत्या स्वयंपाकघरात पाय घसरून पडली. बटण दाबलं आणि सांगितल्याप्रमाणे वाट बघत राहिली. पेटीतून कुणी बोललं नाही. सिंकखाली गालाला गार फरशी लावून ती पडून राहिली, शेवटी वरच्या मजल्यावरची शेजारीण डबा परत करायला आली तेव्हा तिने पाहिलं. हाड मोडलं नव्हतं, पण कमरेपासून गुडघ्यापर्यंत पाय काळानिळा झाला होता. "अगं, पुन्हा दाबायचं होतंस की!" मी म्हटलं. "एकदाच दाबायचं सांगितलं होतं ना," ती म्हणाली, आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच कवायतीत पाय चुकवला होता.

तिचा मुलगा, माझा आत्येभाऊ, दूरच्या शहरात असतो. मी त्याला दादा म्हणते. त्याने कंपनीकडे तक्रार केली. उत्तर आलं: आमच्या नोंदीनुसार आपल्या मातोश्रींनी त्या दिवशी बटण दाबलेले नाही, उपकरण पूर्ण वेळ जोडलेले होते. आणि खाली, फुकटचा सल्ला दिल्यासारखं एक वाक्य: वाढत्या वयात विसर पडणे स्वाभाविक आहे. हे वाक्य आमच्या ऑफिसात प्रत्येक तक्रारीच्या उत्तराखाली आपोआप चिकटतं, हे मला नंतर कळलं.

मग एकदा तिला चक्कर आली, बटण दाबलं, कुणी बोललं नाही. पुढे एकदा छातीत धडधडलं, तेव्हाही तेच. प्रत्येक वेळी तेच उत्तर, तेच चिकटलेलं वाक्य.

दादाचा मला फोन आला. "हे बघ, आई खोटं बोलत नाही, पण तिला आठवतच नाहीये. दाबलं म्हणते आणि दाबलेलं नसतं. उद्या गॅस चालू ठेवून झोपली तर? मी एक संस्था बघितलीय, चांगली आहे. खोली मिळतेय. पुढच्या आठवड्यात येऊन तिला घेऊन जातो."

"आत्या काय म्हणाली?"

"काय म्हणणार? बरं म्हणाली."

आत्या 'बरं' म्हणाली हेच मला खटकलं. हिने आयुष्यात कुणाला सरळ 'बरं' म्हटलेलं नव्हतं. मी तिच्याकडे गेले. पहिल्या वेळी ती ठणकावून म्हणाली होती, "मी दाबलं." आता हातातला चष्मा उघडत-मिटत म्हणाली, "दाबलं असं मला वाटतं गं. पण तुमच्या कॉम्प्युटरात नाहीये म्हणजे नसेलच दाबलं. तो कशाला खोटं बोलेल?"

कॉम्प्युटर खोटं बोलत नाही. त्याला बोलायला लावणारे बोलतात. तिचं घर जाणार होतं हे वाईटच, पण त्याहून वाईट म्हणजे ती स्वतःच्या अंगठ्यावरचा विश्वास घालवून बसली होती, आणि तोही आमच्या सहीशिक्क्याने. मी ठरवलं, दादा येण्याआधी याचा छडा लावायचा.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेले. ऑफिसात त्यांना मागून गोडबोल्या म्हणतात. हा माणूस नकारसुद्धा साखरेत घोळवून देतो. त्यांच्या खोलीत कायम कसल्यातरी फुलाच्या वासाचा फवारा मारलेला असतो, आणि त्या वासाखाली कालच्या जेवणाच्या डब्याचा वास दडून बसलेला असतो.

"तुझी आत्या ना?" ते मान वाकडी करून म्हणाले. "समजू शकतो मी. माझी आईसुद्धा हल्ली चष्मा कपाळावर ठेवून शोधत बसते. वय आहे."

"चष्म्याचं सोडा. पेटीचं कनेक्शन तुटलं असलं तर?"

"मग ठिपका लाल झाला असता." कॉल सेंटरच्या पडद्यावर प्रत्येक पेटीपुढे एक ठिपका असतो, जोडलेली असली की हिरवा आणि तुटली की लाल. "तू स्वतः बघ. गेले कित्येक महिने एक ठिपका लाल झालेला नाही. आपलं रेकॉर्ड आहे ते."

जिथे हजारो घरांत इंटरनेट येतं-जातं तिथे महिनोन्‌महिने एकही ठिपका लाल होत नाही, यावर ज्याला शंका येत नाही त्याच्याशी बोलणं म्हणजे गाढवापुढे वाचली गीता, असं म्हणायचं आणि उठायचं. मी उठले.

घंटी तपासायचं काम ज्या मुलाकडे होतं त्याला सगळे टकटक्या म्हणायचे. त्याच्या टेबलावर एक नमुन्याची पेटी आणि एक बटण कायम असायचं. बटणाला त्याच्या बोटांचं तेल आणि बिस्किटाचा चुरा असा लागलेला होता की ते धरताना मी रुमाल काढला. त्याला म्हटलं, दाखव कसं तपासतोस. त्याने माझ्याकडे न बघता अंगठा चालवला, टक टक टक. पडद्यावर कॉल उमटले.

"झालं. चालतंय."

"तीनदा दाबलंस आणि कॉल दोनच आलेत."

"हो, पहिला कधीकधी येत नाही." त्याने जांभई दिली. "म्हणून तर तीनदा दाबतो. पहिल्याने पेटी झोपेतून उठते, दुसऱ्याने काम होतं, तिसरा आपला खात्रीला. इथे सगळे तसंच दाबतात. तुला कुणी सांगितलं नाही?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "सगळ्यांना माहितीये?"

"यात माहिती असण्यासारखं काय आहे? अशीच आहे ती पेटी."

"आणि रिपोर्टात काय लिहितोस?"

"पास." तो आता जरा दुखावला होता. "चालतेच ना ती!"

ऑफिसातले सगळे धडधाकट लोक तीनदा दाबत होते, आणि फरशीवर पडलेल्या म्हाताऱ्या माणसांना आम्ही स्टिकर लावून सांगत होतो, एकदाच दाबा. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता हे मला ठाऊक होतं, आणि त्याचीच जास्त शिसारी आली. वाईट हेतूला निदान थोडी मेहनत तरी लागते.

मी पेटी माझ्या टेबलावर आणली, बटण स्पिरिटने पुसलं. पेटीला शांत राहू दिलं आणि एकदाच दाबलं. काही नाही. पुन्हा शांत राहू दिलं, पुन्हा एकदाच दाबलं. काही नाही. मग न थांबता दोनदा दाबलं तेव्हा दुसऱ्याला कॉल आला. आता दारवानाची झडती घ्यायची वेळ आली होती.

आमच्या पेट्या सर्व्हरशी जे कनेक्शन धरून ठेवतात त्याला वेबसॉकेट म्हणतात. साधं सांगायचं तर तो लावून ठेवलेला फोन. दोन्हीकडे रिसीव्हर कानाला, बोलत कुणीच नाही, पण गरज पडली की तोंड उघडायचा अवकाश. हा फोन आता दारवानाच्या हातून जात होता, आणि दारवानाला कुणी सांगितलंच नव्हतं की ही माणसं गप्पच राहणार आहेत. त्याचा मूळचा नियम असा, की एक मिनिट कुणी बोललं नाही तर फोन ठेवून द्यायचा. तो इमानदारीत ठेवून देत होता. आमची पेटी स्वस्तातली. समोरच्याने फोन ठेवलाय हे तिला स्वतः बोलायला गेल्याशिवाय कळत नाही. बटण दाबलं की ती मेलेल्या फोनात निरोप सांगते, मग तिच्या लक्षात येतं, मग ती नवा फोन लावते. पहिला निरोप गेला तो गेलाच. दुसऱ्यांदा दाबलं तर तो नव्या फोनवरून पोचतो.

म्हणजे जे घाबरून दहादा दाबत होते त्यांना मदत मिळत होती. जे शहाण्यासारखे एकदा दाबून वाट बघत होते ते फरशीवर पडून होते, आणि वर विसराळू ठरत होते.

मग तो ठिपका. पडद्याचा कोड उघडला तर त्यात चक्क लिहिलेलं होतं: पेटी तुटली तरी ठिपका हिरवाच ठेवावा. तिथूनच ते 'पूर्ण वेळ जोडलेले होते' उपटलं होतं. मी तशीच गोडबोल्याच्या खोलीत शिरले. या वेळी बसलेही नाही.

"ठिपका हिरवा रंगवायला कुणी सांगितलं?"

"अगं, ते होय," ते म्हणाले. "क्लस्टरवर गेल्यापासून सगळे ठिपके दिवसभर लालच राहायला लागले. मुलींना गरगरायला लागलं. त्यांच्या कामावर परिणाम होत होता. मीच सांगितलं, हिरवा ठेवा."

घराला आग लागली म्हणून धूर दिसत होता, यांनी खिडकी रंगवून घेतली. मी हे त्यांना तोंडावर सांगितलं. ते हसले. हा माणूस जाहिरातीतल्या त्या आजोबांसारखा हसत घसरू शकतो, एवढं मला त्या दिवशी पटलं.

मला अजून आत्याचं स्वतःचं काहीतरी हवं होतं. पेट्या पडतात एवढं सांगून दादा ऐकणारा नव्हता. तो म्हणाला असता, असेल, पण आईने दाबलंच होतं कशावरून? मग सुचलं. घरातली वीज गेली नाही आणि बटण दाबलं नाही तर पेटी स्वतःहून नवा फोन लावतच नाही. दारवान प्रत्येक नव्या फोनाची नोंद ठेवतो. मी आत्याच्या पेटीची नोंद काढली. कितीतरी दिवस नुसती शांतता, आणि मग ती पडली त्या दुपारी एक नवा फोन. पुढे चक्कर आली त्या सकाळी एक. छातीत धडधडलं त्या संध्याकाळी एक. तिच्या भागातली वीज त्या दिवसांत गेलीच नव्हती, तेही मी विचारून घेतलं. तिन्ही वेळा आत्याने दाबलं होतं, नियमाप्रमाणे एकदाच. मी टेबलावर डोकं टेकलं आणि रडले. टकटक्याने विचारलं, डोकं दुखतंय का. मी त्याला बिस्किटं खा म्हटलं.

दुरुस्ती इतकी लहान होती की तिचीही लाज वाटली. दारवानाला सांगायचं की एका मिनिटात फोन ठेवू नकोस, धीर धर. आणि सर्व्हरने अधूनमधून पेटीला हळूच हाक मारायची, आहेस ना? पेटी म्हणते, आहे. कुणालाही ऐकू न जाणारं एवढं बोलणं झालं की फोन जिवंत राहतो, आणि पेटीने 'आहे' म्हटलं नाही की ठिपका लाल होतो. मी ते केलं, ठिपक्यावरचा हिरवा रंग खरवडला, नमुन्याची पेटी सगळी जेवणाची सुट्टी गप्प ठेवली आणि परत येऊन एकदाच दाबलं. कॉल आला.

पण घराघरांतल्या ज्या पेट्यांचा फोन आधीच मेलेला होता त्यांना हाक कशी ऐकू जाणार? त्या एकदा बंद करून चालू करायलाच हव्या होत्या. म्हणजे प्रत्येक घरी फोन करायला हवा होता.

"करू की," गोडबोल्या म्हणाले. "नियमित देखभाल म्हणून सांगू. पेटी बंद करा, चालू करा, धन्यवाद."

"आणि ज्यांना आपण विसराळू म्हटलं त्यांना?"

"त्यांना कशाला उगाच आठवण? झालं ते झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मी खाली आले आणि ज्यांना-ज्यांना ते चिकटलेलं वाक्य गेलं होतं त्या सगळ्यांना माझ्या नावाने लिहिलं: पेटीत नव्हे, आमच्या सर्व्हरमध्ये दोष होता, तुमच्या माणसाने बटण दाबलं असणार, चूक आमची आहे. माझ्या नोकरीचं पुढे काय झालं ते सांगण्यासारखं नाही, आणि लिफ्टसमोरची ती भिंत आता मला बघावी लागत नाही हा फायदाच आहे.

दादाला मी फोन करून सगळं समजावलं. त्याने तिन्ही तारखा पुन्हा विचारून घेतल्या. मग म्हणाला, "मी तिला काय काय बोललो गं. शेजारणीलासुद्धा सांगून ठेवलं होतं, आईच्या बोलण्यावर जाऊ नका म्हणून." त्याने संस्थेतली खोली सोडली. येतो म्हणाला, पण आता नुसता भेटायला.

मी आत्याकडे गेले तेव्हा तिची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. वर घडी घालून ठेवलेला टॉवेल आणि टॉवेलावर शिट्टी. मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं, दारवान, मेलेला फोन, हिरवा ठिपका, तिन्ही नोंदी.

"म्हणजे मी दाबलं होतं?" शेवटी ती म्हणाली.

"तिन्ही वेळा."

"असं होय," ती म्हणाली आणि उठून चहा ठेवायला गेली. मला वाटलं होतं ती चिडेल, निदान दादाला फोन लावून झापेल. मी तिच्या चिडण्याची वाट बघत बसले. चिडली असती तर मला फार बरं वाटलं असतं.

मी पेटी बंद करून चालू केली. चहा होईपर्यंत, मग तो पिऊन होईपर्यंत तिला शांत राहू दिलं. मग म्हटलं, "आत्या, आता दाब. एकदाच. बघ लगेच बोलतात की नाही."

तिने गळ्यातलं बटण हातात घेतलं, त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि अंगठा चालवला. टक टक टक.

"अगं, एकदाच!"

"राहू दे गं," ती म्हणाली. "एकदा दाबलं तर दाबलं की नाही, माझं मलाच खरं वाटत नाही आता."

तेवढ्यात पेटी खरखरली. पहिल्या दाबालाच कॉल गेला होता, माझं काम चोख होतं. पलीकडून एका मुलीचा शिकवून गोड केलेला आवाज आला, "आजी, तुमचे तीन कॉल पडलेत इकडे. बटण एकदाच दाबायचं असतं ना? पेटीवर लिहिलंय बघा."

मी तोंड उघडणार होते. पण आत्या पेटीसमोर ताठ उभी राहिली होती, कवायतीत पाय चुकलेल्या मुलीसारखी.

"हो हो, चुकलं माझं," ती म्हणाली. "विसरते हल्ली."